जुन्या वेबसाइटला एडिटर जोडायचा, तर नेमके काय काय बदलावे लागते?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी इथल्या वाचनालयांच्या, शाळांच्या आणि मंडळांच्या वेबसाइट पाहिल्या तर एक ओळखीचा साचा दिसतो. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचे छायाचित्र, कामाच्या वेळा आणि एका कोपऱ्यात सरकत जाणारी ‘नवीन सूचना’. ती सूचना बहुधा नवीन नसते. ती बदलायची तर वेबसाइट करून देणाऱ्याला फोन करावा लागतो आणि तो एव्हाना दुसऱ्या शहरात नोकरीला लागलेला असतो.

समजा, मुलुंड पूर्वेला असे एक सार्वजनिक वाचनालय आहे. वेबसाइट २०१० सालची, पाने १४०. दर वर्षी गणपती झाले की दिवाळी अंक योजनेची सूचना लावायची असते: शुल्क किती, अनामत किती, नाव नोंदवण्याची मुदत कोणती. वेबसाइटवर मात्र गेल्या वर्षीचीच रक्कम राहिलेली असते. सभासद तेवढेच पैसे घेऊन येतात आणि काउंटरवर वाद होतो. मग कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघतो की मजकूर आपला आपल्याला बदलता येईल असे काहीतरी बसवून घ्यावे. कुणाचा तरी भाचा इंजिनीअर असतो. तो म्हणतो, ‘एडिटर टाकून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.’

ते काम खरोखरच अर्ध्या तासात होते. ठळक, तिरपे, लिंक, चित्र अशी बटणे असलेली पांढरी चौकट पानावर दिसू लागते. अडचणी येतात त्या चौकटीत लिहिलेला मजकूर कुठे साठवायचा, त्यात काय येऊ द्यायचे आणि जुन्या पानांचे काय करायचे, या प्रश्नांवर.

एडिटर स्वतः काय करतो?

ब्राउझरमधल्या पानावर थेट टंकण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २००० साली इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये ‘कंटेंटएडिटेबल’ या नावाने दिली. पानाच्या एखाद्या भागाला हा गुण लावला की तिथे कर्सर लुकलुकू लागतो. पुढे इतर ब्राउझरांनीही ती सोय उचलली, पण प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. एन्टर दाबला की एक ब्राउझर नवा परिच्छेद सुरू करी, दुसरा नुसती ओळ तोडी, तिसरा वेगळीच चौकट काढी. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसे, आतला कोड मात्र तीन तऱ्हांचा.

ही तफावत झाकण्यासाठी तयार एडिटर आले. २००३ मध्ये फ्रेडरिको काल्डेरा क्नाबेन यांनी आपल्या आद्याक्षरांवरून एफसीकेएडिटर काढला. तोच २००९ मध्ये सीकेएडिटर झाला. २००४ मध्ये टायनीएमसीई आला आणि डिसेंबर २००५ मध्ये वर्डप्रेसने २.० या आवृत्तीत तो आपल्यात सामावून घेतला. ‘वर्डसारखे लिहा, वेबसाइटवर दिसेल’ ही सवय जगभर लागली ती त्यानंतर.

या सगळ्या एडिटरांचे काम एकच. माणसाने जे लिहिले त्याचे एचटीएमएल तयार करून द्यायचे. ते साठवणे, तपासणे, जुनी प्रत जपणे, कुणी बदलले त्याची नोंद ठेवणे यातले काहीही एडिटर करत नाही. टंकलेखन यंत्र कागद टंकून देते. तो कोणत्या फायलीत लावायचा आणि सही कुणाची घ्यायची, हे कचेरीने ठरवायचे असते.

जुनी वेबसाइट त्याला आत का घेत नाही?

मुलुंडच्या त्या वाचनालयाची १४० पाने म्हणजे १४० स्वतंत्र फायली आहेत. प्रत्येक फायलीत वरची पट्टी, मेनू, मधला मजकूर आणि तळाचा पत्ता असे सगळे एकत्र मिसळलेले. अशी फाइल जशीच्या तशी एडिटरमध्ये उघडली तर मेनूही ‘मजकूर’ ठरतो. सूचना लिहिता लिहिता चुकून एक बॅकस्पेस जास्त दाबला की ‘संपर्क’ हे बटणच नाहीसे होते, तेही फक्त त्या एका पानावरून. उरलेल्या १३९ पानांवर ते असतेच. त्यामुळे चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून पहिले काम वेगळे करण्याचे. साचा एकीकडे, मजकूर दुसरीकडे. साच्यात मोकळी जागा ठेवायची, मजकूर डेटाबेसमध्ये किंवा स्वतंत्र फायलीत ठेवायचा आणि पान मागितले की दोन्ही जुळवायचे. यासाठी कोणतेही बटण नसते. पाने एकेक उघडून पाहावी लागतात आणि बहुतेक वेळ इथेच जातो.

हे करायच्या वाटा तीन. पहिली, आहे त्या वेबसाइटला छोटे व्यवस्थापन पान जोडून त्यात एडिटर बसवणे. दुसरी, सगळा संसार वर्डप्रेससारख्या तयार व्यवस्थेत हलवणे. तिसरी त्या मानाने नवी आहे. पाने स्थिरच ठेवायची आणि डिकॅप सीएमएससारखे साधन वरून लावायचे. संपादन जतन केले की फाइल बदलते आणि वेबसाइट पुन्हा तयार होते. २०२३ पर्यंत हे साधन नेटलिफाय सीएमएस या नावाने ओळखले जाई. तिसऱ्या वाटेत डेटाबेस नसतो, त्यामुळे सर्व्हरवर फोडण्यासारखे फारसे काही उरत नाही. पण ती लावून द्यायला जाणकार माणूस लागतो आणि पुढे बिघडली तर पुन्हा तसाच माणूस शोधावा लागतो.

सरकारी वेबसाइटांनी आणखी एक वाट घेतली. मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके. (मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात, हे तिथल्या अनेक रहिवाशांनाही दाखल्यासाठी अर्ज करतानाच कळते.) या जिल्ह्याची अधिकृत वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या चौकटीवर चालते. देशभरातल्या जिल्ह्यांसाठी चौकट एकच. रंगरूप, सुरक्षा, मराठी-इंग्रजी अदलाबदल हे सारे केंद्रात ठरते, जिल्हा कार्यालयाने फक्त मजकूर भरायचा. जिल्ह्याजिल्ह्यांच्या वेबसाइट जुळ्या बहिणींसारख्या दिसतात अशी तक्रार करता येईल. पण प्रत्येक कार्यालयाने आपापला एडिटर आपापल्या सर्व्हरवर बसवण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

वाचनालयासाठी मात्र आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. एडिटर हवाच आहे का? दिवाळी अंक योजनेच्या सूचनेत शीर्षक, शुल्क, अनामत, अंतिम तारीख आणि चार ओळींचा मजकूर असतो. त्याला पाच रकान्यांचा फॉर्म पुरतो. तारखेच्या रकान्यात तारीखच भरता येते आणि ती उलटली की सूचना आपोआप उतरवता येते. ठळक-तिरप्याची सोय असलेल्या चौकटीत हे होत नाही. तिथे ‘३१ सप्टेंबर’ही खुशाल लिहिता येते. सूचना, वेळा, शुल्क यांना फॉर्म आणि लेख, अहवाल, कार्यक्रमांचे वृत्तान्त यांना एडिटर, अशी वाटणी केली तर निम्म्या अडचणी जन्मालाच येत नाहीत.

विकिपीडियाला हे किती जड गेले?

जुन्या वेबसाइटला एडिटर जोडण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांसमोर झालेला प्रयोग विकिपीडियाचा. इंग्रजी विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मराठी १ मे २००३ रोजी. तिथला मजकूर ‘विकिटेक्स्ट’ या खुणांच्या भाषेत साठवलेला असतो. तीन अवतरणचिन्हांत घातलेला शब्द ठळक होतो, दुहेरी चौकोनी कंसात घातलेला दुवा होतो. सरावलेल्यांना हे सोयीचे, नवख्यांना मात्र भीतिदायक. म्हणून विकिमीडिया फाउंडेशनने ‘व्हिज्युअलएडिटर’ तयार केला आणि जुलै २०१३ मध्ये तो इंग्रजी विकिपीडियावर सुरू केला.

अडचण बटणांत नव्हती. पान उघडताना विकिटेक्स्टचे एचटीएमएल करायचे आणि जतन करताना एचटीएमएलचे पुन्हा विकिटेक्स्ट. या दुतर्फा प्रवासासाठी ‘पार्सॉइड’ नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहावा लागला. एकच गोष्ट विकिटेक्स्टमध्ये अनेक प्रकारे लिहिता येते. साधे भाषांतर केले तर जाताना एक रूप आणि येताना दुसरे, असे होणार. मग कुणी एक शब्द सुधारला तरी इतिहासात पन्नास ओळी बदललेल्या दिसतील आणि नेमके काय सुधारले ते तपासणाऱ्याला कळणार नाही. यावर तोडगा असा निघाला की संपादकाने हात न लावलेल्या भागाचे भाषांतरच करायचे नाही, मूळ मजकूर जसाच्या तसा परत ठेवायचा.

तरीही सुरुवातीच्या महिन्यांत नको ती चिन्हे लेखांत शिरली. ‘नोविकी’ ही तांत्रिक खूण मजकुरात जागोजागी उमटली. काही लेखांत तर बुद्धिबळाच्या प्याद्याचे चिन्ह उगवले. एडिटरने आतल्या सोयीसाठी ते वापरले होते आणि ते बाहेर निसटले. जुने संपादक संतापले. सप्टेंबर २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर हा एडिटर सर्वांना आपोआप न दिसता, मागेल त्यालाच मिळेल असे करण्यात आले. पुढे तो सुधारत गेला आणि आज तो सहज वापरला जातो. मोठा कर्मचारीवर्ग असलेल्या संस्थेला जे टाळता आले नाही, ते भाच्याच्या अर्ध्या तासात टळेल ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

यातून छोट्या वेबसाइटलाही लागू पडणारी एक कसोटी मिळते. जुने पान नव्या एडिटरमध्ये उघडायचे, काहीही न बदलता जतन करायचे आणि आधीचा व नंतरचा कोड शेजारी शेजारी ठेवून पाहायचा. फरक दिसला तर एडिटर न सांगता मजकूर बदलतो आहे. बहुतेक एडिटर असे करतात. त्यांना ओळखीचे नसलेले टॅग ते गुपचूप काढून टाकतात. वाचनालयाच्या पानावर कुणी गुगल नकाशा चिकटवला असेल, तर पहिल्याच ‘जतन करा’नंतर तो गायब होण्याची शक्यता दाट.

गाळणी कुठे लावायची?

एडिटरमधून येणारा मजकूर म्हणजे एचटीएमएल, आणि एचटीएमएलमधून स्क्रिप्टही येऊ शकते. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय वेबसाइटवर सॅमी कामकार या तरुणाने आपल्या परिचयाच्या पानात थोडा कोड लिहिला. ते पान जो पाही त्याच्या यादीत सॅमी मित्र म्हणून जोडला जाई आणि तोच कोड पाहणाऱ्याच्या पानावरही उतरे. वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक पानांवर तो पसरला. मायस्पेसने ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळला होता. सॅमीने तो शब्द मधोमध ओळ तोडून लिहिला. गाळणीला तो दिसला नाही, काही ब्राउझरांनी मात्र तो जोडून वाचला.

म्हणून ‘हे हे नको’ अशी यादी करून भागत नाही, ‘एवढेच चालेल’ अशी यादी लागते. वाचनालयासाठी ती फार तर परिच्छेद, दोन पातळ्यांची शीर्षके, ठळक, यादी, लिंक, चित्र आणि तक्ता. बाकी सारे गळून जावे. पीएचपीसाठी एचटीएमएल प्युरिफायर, जावास्क्रिप्टसाठी डॉमप्युरिफाय अशा तयार गाळण्या मिळतात. स्वतः लिहायला जाऊ नये. आणि गाळणी सर्व्हरवर असावी. एडिटरमध्ये लावलेली गाळणी सज्जनांपुरतीच असते. ज्याला खोडी काढायची आहे तो एडिटर न उघडताच सर्व्हरला मजकूर पाठवू शकतो.

दुसरे दार चित्रे चढवण्याचे. २००९ मध्ये अडोबीच्या कोल्डफ्यूजन ८ या उत्पादनासोबत आलेल्या एफसीकेएडिटरमधून हल्लेखोरांनी अनेक वेबसाइटवर आपल्या फायली चढवल्या, कारण फाइल चढवण्याची सोय मुळातच उघडी राहिली होती. एडिटर चांगला होता, जोडणी सैल होती. चढवलेली फाइल खरोखर चित्र आहे का ते तपासणे, तिला नवे नाव देणे, तिचा आकार आटोक्यात आणणे आणि त्या फोल्डरमध्ये कोणताही प्रोग्रॅम चालणार नाही अशी तजवीज करणे ही कामे जोडणाऱ्याचीच. फोनवरून काढलेले मूळ आकाराचे छायाचित्र पहिल्या पानावर लावले तर लोकलमध्ये बसून पाहणाऱ्याला पान उघडेपर्यंत भांडुप येते.

एडिटर निवडताना त्याचे आयुष्यही पाहावे. सीकेएडिटर ४ असंख्य वेबसाइटवर होता. त्याच्या मोफत आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती जून २०२३ मध्ये थांबली. चालतो तो अजूनही, फक्त नवे भोक सापडले तर बुजवायला कुणी नाही.

मराठी मजकुराचे काय होते?

परदेशी मार्गदर्शिका वाचून एडिटर बसवणाऱ्याला हा भाग सहसा सापडत नाही आणि मराठी वेबसाइट बहुधा इथेच अडखळते.

पहिली गाठ जुन्या फॉन्टशी. वाचनालयाचे अहवाल वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टमध्ये टंकलेले असतात. यांतल्या अनेकांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या वेबसाइटही याच युक्तीवर चालत. असा मजकूर एडिटरमध्ये चिकटवला की मुखवटा गळतो आणि निरर्थक रोमन अक्षरे उरतात. कधी कधी एडिटर फॉन्टचे नावही सोबत उचलतो. तेव्हा ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट आहे त्या सचिवांना सूचना स्वच्छ मराठीत दिसते आणि इतर सर्वांना कचरा. तक्रार आली तरी ‘माझ्याकडे नीट दिसतंय’ हे उत्तर ठरलेले. उपाय दोन. चिकटवताना फॉन्टचे नाव काढून टाकायचे, म्हणजे घोटाळा टंकणाऱ्यालाच लगेच दिसतो. आणि जुने अहवाल आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणायचे. परिवर्तनानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात.

दुसरी गाठ अधिक नाजूक आहे. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. दोन, साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच. आता अनेक गाळण्या ‘अदृश्य चिन्हे धोकादायक’ म्हणून सरसकट काढून टाकतात. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. शाळेच्या वेबसाइटवर ‘आचाऱ्याला मानधन’ अशी सूचना असेल तर ती ‘आचार्याला मानधन’ अशी छापून येते आणि खिचडी शिजवणाऱ्याच्या जागी भलताच माणूस येतो. म्हणून गाळण्यापूर्वी एक पायरी घालावी: अदृश्य चिन्हवाला अर्धा र दिसला की तो ऱ च्या रूपात बदलून मगच पुढे पाठवायचा.

‘ॲ’चीही तीच कथा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही अनेक जण तसेच लिहितात. संगणकाला ही दोन रूपे वेगळी. सभासदाने ‘ॲडमिशन’ शोधले आणि सूचनेत जुने रूप असले तर शोध रिकामा परततो. जतन करतानाच एक रूप पक्के केले की प्रश्न मिटतो.

साठवणीतही खाचखळगे आहेत. जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसचे तक्ते ‘लॅटिन१’ या संचात बनवलेले असतील तर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठते. ती पुन्हा मराठी करता येत नाही, कारण मूळ अक्षरे उरलेलीच नसतात. दुसरा खड्डा लांबीचा. देवनागरीचे एक चिन्ह साठवायला युटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात. डेटाबेसमधल्या साध्या ‘टेक्स्ट’ रकान्याची मर्यादा ६५,५३५ बाइट, म्हणजे मराठीची २१,८४५ चिन्हे, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजले जातात. वार्षिक अहवाल एवढा सहज होतो. जुन्या मांडणीतले मायएसक्यूएल उरलेला भाग चूक न दाखवता कापून टाकते. अहवाल हिशेबाच्या मधोमध संपतो आणि पुढचे पान कुणीतरी दडवले असा संशय येतो. काही जुने एडिटर तर ‘म’ साठवायच्या ऐवजी २३५० हा त्याचा क्रमांक चिन्हांसकट साठवतात. मग एका अक्षराला सात चिन्हे लागतात, आणि डेटाबेसमध्ये शोधायला गेले तर ‘मुलुंड’ हा शब्द तिथे नसतोच.

दिसण्याच्या बाबतीत मुंबईच्या उपनगरांचे या अक्षरांशी जुने नाते आहे. विंडोज २००० पासून ज्या ‘मंगल’ फॉन्टने लाखो लोकांना संगणकावर देवनागरी दाखवली, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. पवईच्या आयआयटीत शिकवून झाल्यावर ते जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत, म्हणजे आजच्या सी-डॅक मुंबईत, भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम करत होते. विंडोज ८ पासून ‘निर्मला’ हा नवा फॉन्ट आला. एडिटरच्या चौकटीला वेगळे काही सांगितले नाही तर ती संगणकात असेल तो फॉन्ट वापरते आणि प्रत्यक्ष वेबसाइटवर कदाचित मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ असतो. लिहिताना चार ओळींत बसलेली सूचना पानावर सहा ओळींची होते. चौकटीला वेबसाइटचीच शैलीफाइल लावावी. ओळींतले अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेले असेल तर वेलांट्या आणि उकार कापले जातात, तेही वाढवून घ्यावे. तिरप्या अक्षरांचे बटण काढलेलेच बरे. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टना तिरपे रूप नसते, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकवतो आणि ते वाऱ्यात कललेल्या मांडवासारखे दिसते.

पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवणेही विसरू नये. काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात आणि अंध वाचकांसाठीचे वाचन-सॉफ्टवेअर त्यावरून उच्चार ठरवते. सूचनापत्राचा फोटो काढून तोच वेबसाइटवर टाकण्याची पद्धत उपनगरांत फार आहे. त्या फोटोला शोधही लागत नाही आणि वाचन-सॉफ्टवेअरही लागू पडत नाही.

बदल कोण करणार?

वाचनालयात हे काम अर्धवेळ ग्रंथपाल करतील, कधी सचिव, कधी एखादी कॉलेजची मुलगी. सगळ्यांनी एकच पासवर्ड वापरायचा, तोही टेबलाच्या काचेखाली ठेवलेला, ही प्रथा ओळखीची आहे. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. वर्डप्रेसमध्ये लिहिणारा, प्रसिद्ध करणारा आणि सर्वाधिकारी अशा वेगळ्या पातळ्या असतात. मुलीने मसुदा लिहावा, ग्रंथपालांनी प्रसिद्ध करावा. आधीच्या प्रती जपल्या जातात का, हे एडिटर निवडतानाच पाहावे. ‘शुल्क कुणी बदलले?’ या प्रश्नाला उत्तर मिळायला हवे आणि कालचा मजकूर एका क्लिकवर परत आणता यायला हवा. सर्वाधिकाराचे खाते संस्थेच्या ईमेलवर असावे, भाच्याच्या नव्हे. डोमेनचे नाव आणि सर्व्हरचे बिल यांनाही तेच लागू.

पानांचे जुने पत्ते बदलत असतील तर जुन्यावरून नव्याकडे कायमची वळणे लावून द्यावीत. नाही तर सभासदांनी जपून ठेवलेले आणि गुगलला माहीत असलेले दुवे एका रात्रीत मरतात.

सुरू करण्याआधीची चाचणी

चाचणी वेबसाइटच्या प्रतीवर घ्यावी, खऱ्या वेबसाइटवर नव्हे. पाच-सहा जुनी पाने काही न बदलता जतन करून कोड ताडून पाहावा. श्रीलिपीतला एक उतारा, वर्डमधला एक तक्ता आणि व्हॉट्सॲपवरून आलेली, इमोजी असलेली एक सूचना चिकटवून पाहावी. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘युटीएफ८’ संचात मराठी नीट बसते, पण चार बाइटांची इमोजी बसत नाही. मजकूर तिथेच तुटतो किंवा जतनच होत नाही. ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘ॲडमिशन’ दोन्ही प्रकारे लिहून शोधून पाहावेत. सर्वांत लांब अहवाल टाकून त्याची शेवटची ओळ आली का ते पाहावे.

आणि शेवटी हे सगळे सचिवांच्या स्वतःच्या फोनवर, त्यांच्याच कीबोर्डने, शक्य तर आवाजाने टंकून करून घ्यावे. अँड्रॉइडचे कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत अक्षरे हातात धरून ठेवतात आणि अनेक एडिटरांचा तिथे गोंधळ उडतो. अक्षर दोनदा उमटते, कर्सर ओळीच्या सुरुवातीला उडी मारतो. संगणकावर घेतलेल्या चाचणीत हे दिसत नाही आणि दिवाळी अंक योजनेची तारीख शेवटी फोनवरूनच बदलली जाणार असते.